मदत हवी आहे: अभिनयाच्या वर्गात स्वतःचं शिकवणं कसं तपासता?

नमस्कार मंडळी. मी अभिनय शिकवते. इम्प्रोव्हायझेशन (संहितेशिवाय, ऐनवेळी सुचेल तसा उभा केलेला प्रसंग) रंगात आलं असताना 'आवाज पोचत नाहीये' असं म्हटलं, की मुलांचं लक्ष समोरच्या पात्रावरून उडून माझ्याकडे लागतं. प्रसंग कधी थांबवायचा आणि कधी नुसती बाजूने सूचना द्यायची, हे मला नीट तपासायचंय. व्यावसायिक लोक कामातून कसं शिकतात याचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३मध्ये कृती चालू असतानाचं चिंतन आणि कृतीनंतरचं चिंतन असा फरक मांडला. दुसरं डायरीत जमतं, पहिलं निसटतं. व्हिडिओ लावला की मुलं कॅमेऱ्यासाठी अभिनय करतात (आणि खरं सांगू, मीही!). सहकाऱ्याला वर्गात बसवून फक्त माझ्या सूचना टिपून घ्यायला सांगितलं तर? कोणी केलंय असं? आणि अभिप्राय मागितल्यावर मुलांना 'छान होतं मॅडम'च्या पुढे कसं नेता?