मदत हवी आहे : 'इस्मत' हे नाव मुलाचं की मुलीचं? अर्थ आणि स्पेलिंग

बाळ यायचंय, म्हणून मुलगा-मुलगी दोघांनाही चालेल असं नाव शोधतोय. 'इस्मत' जवळपास ठरलंय, पण उर्दू लेखिका इस्मत चुगताईंमुळे घरचे म्हणतात हे बायकांचं नाव. नेटवर 'पवित्र', 'अब्रू', 'महान' असे अर्थ सापडले. खरा कोणता? अरबीत कसं लिहायचं? जन्मदाखल्यावर स्पेलिंग काय द्यावं?

प्रतिसाद १
'महान' आधी खोडा. तो अर्थ 'अजमत'चा, त्याचा धातूच वेगळा. इस्मतचा धातू ऐन-स्वाद-मीम या अरबी अक्षरांचा : धरून ठेवणं, राखणं. म्हणजे पापापासून, संकटापासून राखलेपण. पावित्र्य, अब्रू हे त्यातूनच पुढे आलेले अर्थ. 'मासूम' याच धातूचा.

दोघांनाही बिनधास्त चालतं. तुर्कस्तानचे दुसरे राष्ट्राध्यक्ष इस्मत इनोनू पुरुष, १९९१ ते २००१ अरब लीगचे सरचिटणीस असलेले इजिप्तचे इस्मत अब्देल मगीदही पुरुष. उलट सुलतान सलाहुद्दीनची बेगम इस्मतुद्दीन खातून.

असं का होतं, तर अरबीत हा शब्द गोल 'ते' (ة) या अक्षराने संपतो. ती स्त्रीलिंगाची खूण, आणि शब्द सुटा उच्चारला की 'इस्मा' ऐकू येतो. फारसी-तुर्कीत तिचा पूर्ण 'त' झाला. त्या भाषांच्या व्याकरणात लिंगच नाही, त्यामुळे पुरुषांनाही नाव देता आलं. हिकमत, नुसरत त्याच घराण्यातले : गायक नुसरत फतेह अली खान आणि बेनझीरच्या आई नुसरत भुट्टो आठवा.

लिहिताना ऐन, स्वाद, मीम आणि शेवटी उघडा, म्हणजे साधा 'ते' (ت) : عصمت. देवनागरीवरून आपोआप लिप्यंतर करू नका, 'इ'साठी अलिफ आणि 'स'साठी सीन पडतो. अलिफ-सीन-मीम म्हणजे 'इस्म', नुसतं 'नाव'. सीनऐवजी 'से' पडला तर 'इस्म' म्हणजे चक्क पाप! पत्रिका किंवा सुलेखन छापण्याआधी पहिली दोन अक्षरं तरी जाणकाराला दाखवाच.

प्रतिसाद २
देवनागरीत 'इस्मत'च लिहा, 'अस्मत' नको. हिंदी सिनेमा-बातम्यांत 'अस्मत लुटणं' इतकं रुळलंय की मुलीला शाळेत नकोसं होईल. इंग्रजीत आय-एस-एम-ए-टी. इजिप्तमध्ये सुरुवातीला ई दिसतो, तुर्कीत शेवटी ई-टी. भारतातल्या कागदपत्रांसाठी दोन्ही टाळा.

जन्मनोंदणी नावाशिवाय होते. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, नंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. त्यामुळे घाई नको, पण दाखला हातात घेण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही नोंदी अक्षर-अक्षर तपासा. पुढे पासपोर्टचं स्पेलिंग याच्याशी जुळावं लागतं. फॉर्म भरणारे नावावरून श्री/कुमारी ठरवतात, विमानाच्या तिकिटावर ते हमखास चुकतं. मुलगी झाली तर 'इस्मत आरा', मुलगा झाला तर 'इस्मतुल्ला' केलंत तर हा घोळ बराच कमी होतो.

मूळ प्रश्नकर्ता
खूप आभार! स्वाद-सीनचा फरक माहीतच नव्हता. इजिप्तमध्ये राहणारे नातेवाईक 'इस्मा'चा संबंध तलाकशी आहे म्हणतात, ते काय?

प्रतिसाद १
बरोबर आहे. धातू तोच, 'इस्मा' म्हणजे तिथे विवाहबंध. निकाहाच्या करारात बायकोने तलाकचा अधिकार मागून घेतला असेल, तर 'इस्मा तिच्या हातात आहे' असं म्हणतात. नावाला त्याची बाधा नाही, तिथेही हे नाव ठेवतातच.