मदत हवी आहे : लेहजवळचा हा निळा आयरिस कोणता?

नमस्कार मंडळी. जूनमध्ये लेहच्या आसपास, साधारण ३५०० मीटर उंचीवर, शेतांच्या बांधांवर आणि पाटांच्या कडेला निळ्या आयरिसची दाट बेटं दिसली. पानं अरुंद, ताठ, चिवट. गाई शेजारचं गवत खात होत्या, याला तोंडही लावत नव्हत्या. खाली झुकलेल्या तीन पाकळ्यांवर गडद शिरांची फार देखणी नक्षी आहे, पण केसांचा झुबका मुळीच नाही. हिमालयातल्या आयरिस हुकेरियाना आणि आयरिस केमाओनेन्सिस या दोन्हींना तो असतो, म्हणून हा आयरिस लॅक्टियाच असावा असं मला वाटतं. लडाखच्या वनस्पतींचा अभ्यास असलेल्यांनी कृपया सांगा, बरोबर आहे का? कुणाकडे पिकलेल्या बोंडाचा फोटो आहे का? त्यावर सहा कंगोरे आणि टोकाला छोटी चोच असायला हवी.