शब्दचर्चा : 'पेन', 'पॅनेल' आणि 'मोडल'ला मराठीत काय म्हणायचे?

नोडनाद
न्यूक या कंपोझिटिंगच्या (चित्रफितीचे थर जोडण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने स्वतःची पॅनेले कशी बांधायची, याची मराठी टिपणे तयार होत आहेत. गाडी पहिल्याच पानावर अडली. न्यूकच्या खिडकीचा जो तुकडा टॅब पोटात घेतो तो एक, आणि त्या टॅबमध्ये जी वस्तू बसते ती दुसरी. देवनागरीत लिहिले की 'पेन' आणि 'पॅनेल'. 'पॅनेल पेनमध्ये बसवा' असे वाचून माणूस खिसा चाचपेल. फलक, पटल, चौकट, तक्ता यांपैकी काही चालेल का?

रोटोकाकू
पटल नको. पटलावर कागदपत्रे ठेवतात, सभागृहात ठेवतात तशी. फलक वाचायचा असतो, त्यावरची बटणे दाबायची नसतात. पॅनेल राहू द्या. सोसायटीच्या निवडणुकीत पॅनेल उभे राहते, विजेच्या मीटरशेजारीही पॅनेल असते. शब्द घरचा झाला आहे. लिंग मात्र पक्के करा: ते पॅनेल, ती पॅनेले. 'तो पॅनल' ऐकू येते, पण छापायला नको.

पेनसाठी 'खण' घ्या. कपाटाला खण असतात, जुन्या वाड्याची खोलीही खणांत मोजत. वस्तू एका खणातून काढून दुसऱ्यात ठेवता येते आणि खण जागच्या जागी राहतो. इथेही तेच घडते.

नोडनाद
खण पटला. म्हणजे 'न्यूक.गेटपेनफॉर' याचा अर्थ 'हे पॅनेल ज्या खणात आहे तो खण दे'. त्याला 'प्रॉपर्टीज.१' असे नाव दिले की प्रॉपर्टीजचा खण मिळतो, मग त्यात आपले पॅनेल 'ॲडटूपेन'ने बसवायचे. खण सापडला नाही तर 'नन' (पायथनचे 'काहीच नाही') परत येते, ते तपासायलाच हवे.

पायथनपुराण
'रजिस्टर'ला 'नोंदवणे' म्हणा, कारण तिथे खरोखर नोंद होते. पॅनेल नोंदवणाऱ्या 'रजिस्टरविजेटॲजपॅनेल' या फंक्शनला तीन गोष्टी लागतात: वर्गाचे (पायथनमधल्या क्लासचे) नाव, मेनूत दिसायचे नाव आणि ओळख. ओळख म्हणजे 'कॉम.स्टुडिओ.शॉटपॅनेल' अशा धाटणीची, दुसऱ्या कोणाची नसलेली अक्षरमाला. वर्कस्पेस (खिडकीतली खणांची मांडणी) साठवताना न्यूक ही ओळख लिहून ठेवतो. पुढच्या वेळी त्या ओळखीचे पॅनेल नोंदलेले नसेल, तर साठवलेल्या मांडणीत ते परत येत नाही. म्हणून दिसायचे नाव हवे तितके बदला, ओळखीला हात लावू नका.

आणखी एक खाच. वर्गाचे नाव अवतरणात द्यायचे असते, कारण न्यूक ती अक्षरे नंतर पायथन म्हणून चालवतो. वर्ग वेगळ्या फाइलीत असेल तर 'शॉटटूल.शॉटपॅनेल' असे पूर्ण नाव द्यावे आणि मेनू.पीवायमध्ये (न्यूक पडद्यावर उघडताना चालणाऱ्या फाइलीत) शॉटटूल आयात (इम्पोर्ट) करावे. आयात विसरली तर नोंद बिनबोभाट होते आणि पॅनेल उघडताना 'नेमएरर' (हे नाव ओळखीचे नाही, अशी चूक) येते. अवतरण विसरले तर चूक निराळीच येते, कारण न्यूक तो वर्ग अक्षरांना जोडू पाहतो.

रोटोकाकू
हे सगळे मेनू.पीवायमध्येच लिहा, इनिट.पीवायमध्ये नको. इनिट रेंडरच्या (अंतिम चित्रे काढण्याच्या) वेळीही चालते आणि तिथे पडदा नसतो. पॅनेलची आयात तिथे शिरली की कलाकाराच्या मशिनवर सगळे ठीक आणि रेंडर फार्मवर (रेंडर करणाऱ्या संगणकांच्या ताफ्यावर) बोंब.

प्रमाणलेखन
'मोडल'चे काय? बोलीत 'हात लावू नको, मोडल' म्हणजे तुटेल! नवशिक्याला 'शोमोडलडायलॉग' वाचून धास्ती वाटेल.

पायथनपुराण
अर्थावरून जाऊ. 'शोमोडलडायलॉग' म्हटले की पॅनेल ओके आणि कॅन्सल ही बटणे स्वतःच आणते, उत्तर मिळेपर्यंत नोड ग्राफला (नोड, म्हणजे एकेक क्रिया, जोडून केलेल्या आराखड्याला) हात लावू देत नाही आणि शेवटी खरे किंवा खोटे परत देते. ते 'अडवणारे पॅनेल'. नुसत्या 'शो'ने उघडते ते 'सुटे पॅनेल'. काही जण 'तरंगते' लिहितात. तरंगायला पाणी लागते.

हा फरक शब्दापुरता नाही. सुट्या पॅनेलची हमखास चूक अशी: 'शो'च्या पुढच्याच ओळीत नॉबची (पॅनेलवर भरायच्या किंवा दाबायच्या घटकाची) किंमत, म्हणजे मूल्य, वाचायची. 'शो' थांबतच नाही, लगेच परततो, आणि वापरणाऱ्याने काही भरण्याआधीच मूळ किंमती वाचल्या जातात. किंमत एकदाच हवी असेल, उदाहरणार्थ फ्रेमची मर्यादा, तर अडवणारे घ्या. दिवसभर उघडे राहणारे साधन असेल तर खणात बसवा आणि काम बटणाच्या मागे लावा.

नोडनाद
नॉबला 'घुंडी' म्हणावे का? 'खुंटी'ही सुचली, तंबोऱ्याची.

रोटोकाकू
खुंटी गोड आहे, पण न्यूकमध्ये नॉब फिरतोच असे नाही. चौकोनी खूण (बूलियन_नॉब), मजकुराची जागा (स्ट्रिंग_नॉब), यादी (एन्युमरेशन_नॉब), बटण (पायस्क्रिप्ट_नॉब), एवढेच नव्हे तर टॅब आणि दोन भागांमधली रेघ हेही नॉबच! रेघेला घुंडी कसे म्हणणार? 'नॉब'च ठेवा, पुल्लिंगी.

मराठी लागेल ती 'लेबल'साठी: 'पाटी'. नॉबला आधी नाव, मग पाटी. नाव मध्ये मोकळी जागा न सोडता, कोडसाठी, पाटी माणसासाठी. दारावरची पाटी रंगवली तरी सातबारा बदलत नाही. पाटी बदलली तर काही बिघडत नाही, पण नाव बदलले तर त्याला हाक मारणारी प्रत्येक ओळ मोडते (इथे मात्र 'मोडल' चालेल).

प्रमाणलेखन
खूण आणि बटण मागच्या नॉबच्या शेजारी जाऊन का बसतात?

पायथनपुराण
त्यांचा तो जन्मस्वभाव आहे. नवी ओळ हवी तर 'सेटफ्लॅग'ने 'न्यूक.स्टार्टलाइन' हा झेंडा (फ्लॅग) लावा. उलट, दोन नॉब एका ओळीत हवे असतील तर दुसऱ्यावरून तोच झेंडा 'क्लिअरफ्लॅग'ने उतरवा.

'कॉलबॅक' तसाच ठेवा, पण समजावताना 'ओ देणे' वापरा. नॉब हलला की न्यूक हाक मारतो आणि 'नॉबचेंज्ड' हे फंक्शन ओ देते. कोणता नॉब हलला, ते नावावरून तपासा. पॅनेल उघडतानाही एक हाक येते, नाव 'शोपॅनेल'. तिला ओ दिली नाही तर एका खुणेवर अवलंबून असलेले नॉब पहिल्यांदा उघडताना चुकीच्या अवस्थेत दिसतात आणि खूण एकदा टिचकवली की मगच सुधारतात.

नोडनाद
शेवटची अडचण. सुट्या पॅनेलने नोड धरून ठेवला आणि कलाकाराने तो मध्येच पुसला, तर पुढच्या बटणाला न्यूक म्हणतो की ही पायथन वस्तू कोणत्याही नोडला जोडलेली नाही. याला नेमका शब्द?

रोटोकाकू
हातात दावे, म्हैस पसार. टिपणात 'तुटका संदर्भ' लिहा.

पायथनपुराण
आणि शेजारीच उपाय लिहा: नोड धरू नका, 'फुलनेम'ने मिळणारे पूर्ण नाव धरा. प्रत्येक बटणाच्या वेळी 'टूनोड'ने नोड नव्याने शोधा, 'नन' आले तर तसे सांगून थांबा. मधल्या काळात नोडचे नावच बदलले तरीही 'नन' येईल, म्हणून संदेशात 'नोड पुसला' असे ठामपणे लिहू नका. 'या नावाचा नोड सापडत नाही' एवढेच.