पारोळ्याच्या किल्ल्याची व्हीआर सफर: दरवाजात फोटो तुटतो, हेडसेटमध्ये धूसर दिसतं

बोरीकाठ:
रामराम मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्याची (बांधकाम १७२७) ३६० अंशांची सफर शाळेतल्या मुलांसाठी करायची आहे. कॅमेरा रिको थीटा झेड १, हेडसेट क्वेस्ट ३, सफर ए-फ्रेममध्ये (वेबपानावर व्हीआर दृश्यं बनवायचं साधन). दरवाजाच्या बोळात आत काळंकुट्ट आणि बाहेर पांढरंफक येतं, शिवाय भिंतीचे दगड एका उभ्या रेषेत तुटलेले दिसतात. मोबाईलवर स्वच्छ असलेलं चित्र हेडसेटमध्ये धूसर होतं. आणि हेडसेटच्या ब्राउझरमध्ये व्हीआरचं बटणच येत नाही, लॅपटॉपवर मात्र सगळं चालतं.

तापीथडी:
भाऊ, आधी दरवाजाचं बघू. या कॅमेऱ्याला पुढे-मागे दोन भिंगं आहेत आणि दोन्ही चित्रं कडेला जोडली जातात. या सांध्यावर मीटरभराच्या आतली वस्तू आली की ती तुटणारच, कारण दोन्ही भिंगं तिला थोड्या वेगळ्या जागेवरून बघतात. म्हणून बोळात भिंगं रस्त्याकडे ठेवू नका, डाव्या-उजव्या भिंतींकडे वळवा. सांधा मग समोरच्या आणि मागच्या लांबच्या भागावर पडतो, तिथे तो दिसत नाही.

उजेडासाठी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) पक्का करून एक्स्पोजर -४, -२, ०, +२, +४ असं कमी-जास्त करत पाच फोटो घ्या आणि मग एकत्र करा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिला तर एकाच दगडाचा रंग प्रत्येक दृश्यात बदलतो. पाच फोटो होईपर्यंत कबुतर उडालं की त्याचं भूत उमटतं. तो संच सरळ पुन्हा घ्या.

अन् मे महिन्यात जाऊ नका. या कॅमेऱ्याची कामाची मर्यादा ४० अंश आहे, आपल्याकडे सावलीतच त्याच्या वर जातं. डिसेंबर-जानेवारीची सकाळ उत्तम.

केळीबाग:
धूसरपणाचा हिशोब सोपा आहे. झेड १ चं चित्र ६७२० पिक्सेल रुंद, म्हणजे एका अंशाला साधारण १९ पिक्सेल. क्वेस्ट ३ एका अंशाला सुमारे २५ दाखवू शकतो, त्यासाठी चित्र ९००० पिक्सेल रुंद लागतं. मोबाईलवर चित्राचा छोटा तुकडा लहान पडद्यावर दिसतो, म्हणून तिथे फरक कळत नाही. बुरूज आणि बालेकिल्ला अशा महत्त्वाच्या चार-पाच जागांसाठी डीएसएलआरला ८ मिमी फिशआय (खूप रुंद दृश्य टिपणारं भिंग) लावा: पॅनोरमा हेडवर (कॅमेरा भिंगाभोवती फिरवणारा ट्रायपॉडचा माथा) ६० अंशांनी सहा फोटो, एक वर, एक खाली. हेड जुळवायला एक काठी जवळ आणि एक लांब, एकाच रेषेत उभी करा. कॅमेरा फिरवताना त्या एकमेकींपासून सरकल्या नाहीत तर भिंग योग्य जागी बसलंय.

९००० च्या जवळपास म्हणून हेडसेटसाठी ८१९२ × ४०९६ पिक्सेल पुरे. जेपीजी १० एमबीची असली तरी उघडल्यावर मेमरीत १३४ एमबी घेते, त्यामुळे पुढचं दृश्य उघडताना मागचं काढून टाका. नाहीतर पाच-सहा दृश्यांनंतर ब्राउझर बसतो.

बटण न येण्याचं कारण पत्ता आहे. वेबएक्सआर (ब्राउझरमधली व्हीआरची सोय) फक्त एचटीटीपीएस (सुरक्षित पत्ता) किंवा लोकलहोस्टवर (त्याच यंत्राचा स्वतःचा पत्ता) चालतं, लॅपटॉपच्या आयपी पत्त्यावर नाही. सफर गिटहब पेजेसवर (एचटीटीपीएस पत्ता देणारी वेबपानांची सेवा) टाका. शाळेत नेट नसेल तर हेडसेट केबलने जोडून लॅपटॉपवरून ‘एडीबी रिव्हर्स’ ही आज्ञा द्या (हेडसेटचा लोकलहोस्ट लॅपटॉपला जोडते), मग त्यातही लोकलहोस्ट उघडतं. डेव्हलपर मोड मात्र चालू हवा.

अंजनीकाठ:
मुलांना गरगरू नये म्हणून कॅमेरा सगळीकडे एकाच उंचीवर, १.५ मीटर ठेवा आणि क्षितिज सपाट करा. दोन-तीन अंशांचा कलही हेडसेटमध्ये पोटात ढवळून आणतो. पुढच्या दृश्यात शिरताना तोंड चालण्याच्याच दिशेला हवं. संरक्षित स्मारकात ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते, ती आधी काढा. आणि निवेदन मराठीसोबत अहिराणीतही ठेवाच. आपल्या किल्ल्याबद्दल मुलांनी आपल्या बोलीत ऐकायला हवं.

बोरीकाठ:
भिंगं भिंतीकडे वळवली, बाजू एकदम स्वच्छ आल्या. पण सांधा आता डोक्यावरच्या कमानीत दिसतोय.

तापीथडी:
वरून तो जाणारच, भिंगं कुठेही वळवा. तिथे कॅमेरा १.२ मीटरवर आणा, कमान लांब जाईल. ही एक जागा उंचीच्या नियमाला अपवाद करा. तरी रेघ राहिली तर बोळ डीएसएलआरनेच घ्या.