हाताने काढलेली ॲनिमे चित्रं रंगवायला नवशिक्याने कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

कागदी_विमान

नमस्कार मंडळी. ए४ कागदावर आधी पेन्सिलीने आणि मग ०.३ च्या लायनरने (बारीक काळ्या पेनने) ॲनिमे पद्धतीची पात्रं काढते. आता ती संगणकावर घेऊन साफ करायची आणि रंगवायची आहेत: सपाट रंग, त्यावर एकच कडक काठाची सावली, डोळ्यांत चकाकी. चित्र कागदावरच काढणार, स्क्रीनवर रेषा पुन्हा गिरवायच्या नाहीत.

हाताशी ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप, साधा माउस आणि एक अँड्रॉइड फोन आहे. पेन टॅबलेट नाही. क्रिता, गिंप, मेडिबँग, आयबिसपेंट, क्लिप स्टुडिओ, फोटोशॉप एवढी नावं समोर येतात, पण स्कॅन केलेल्या चित्रासाठी यांतलं कुठलं बरं हे कुणी नीट सांगत नाही. सुरुवातीला पैसे घालायचे नाहीत. कागदाचा पांढरा रंग काढून फक्त रेषा कशी उरवायची? आणि माउसने हे सगळं जमेल का?

निब_आणि_शाई

तुमच्या कामासाठी क्रिता घ्या. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, ८ जीबीवर चालतं. पण निवड का, तेही बघा. ब्रश किती आहेत यावर बहुतेक लोक सॉफ्टवेअर निवडतात. तुम्ही चित्र कागदावरच काढणार, म्हणजे ब्रश तुम्हाला फारसे लागणारच नाहीत. तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: स्कॅनमधून रेषा वेगळी काढणं, रेषेत फट असली तरी रंग भरता येणं, आणि खालच्या रंगाच्या हद्दीतच सावली राहणं. क्रितात या तिन्ही आहेत.

पायऱ्या अशा. स्कॅन उघडा. कंट्रोल-एल दाबलं की लेव्हल्स, म्हणजे उजेड-काळोख जुळवायची खिडकी, उघडतं. कॅमेऱ्याला किंवा स्कॅनरला कागद कधीच शुद्ध पांढरा दिसत नाही, ० (काळा) ते २५५ (पांढरा) या मापात तो साधारण २१५ ते २४० च्या आसपास येतो. म्हणून उजवा पांढरा त्रिकोण डावीकडे २१० च्या जवळ आणा आणि डावा काळा त्रिकोण ५०-६० पर्यंत न्या. कागद पांढराशुभ्र झाला आणि रेषा काळीभोर दिसली की थांबा. पांढरा त्रिकोण फार आत ओढला तर लायनरची बारीक टोकं, विशेषतः पापण्या आणि केसांची शेवटं, तुटतात. तिथेच झूम करून बघत राहा.

मग फिल्टर, कलर्स, कलर टू अल्फा. रंग पांढरा निवडा. कागद गायब होतो आणि रेषा पारदर्शक थरावर (लेयरवर) उरते. थ्रेशोल्ड (पांढऱ्याच्या किती जवळचा रंग काढायचा ती मर्यादा) वाढवला की उरलासुरला करडेपणाही जातो, पण रेषाच फिकट व्हायला लागली तर तो मागे घ्या.

थराचा मोड मल्टिप्लाय (खालच्या रंगावर गडद चढणारा) करूनही भागतं असं बरेच जण सांगतात. भागतं, पण लेव्हल्स न करता तसं केलं तर कागदाचा करडेपणा प्रत्येक रंगावर चढतो आणि त्वचा मळकट दिसते. शिवाय रेषा वेगळी काढली की थरावरचं अल्फा लॉक (पारदर्शक भागात रंग न जाऊ देणारं) चालू करून तिचाच रंग बदलता येतो. त्वचेजवळची रेषा काळ्याऐवजी गडद तपकिरी केली की चेहरा लगेच मऊ दिसतो.

आता रंग. क्रितात कलराइझ मास्क नावाचं साधन आहे आणि माउसवाल्यांसाठी ते फार कामाचं आहे. रेषेचा थर निवडा, कलराइझ मास्क एडिटिंग टूल घ्या, कॅनव्हासवर एकदा क्लिक करा. मग प्रत्येक भागात त्या-त्या रंगाचा एक ओबडधोबड फराटा मारा: केसांत एक, चेहऱ्यावर एक, शर्टवर एक. पार्श्वभूमीवरही एक मारा, हे विसरलं की रंग पात्राबाहेर पसरतो. टूल ऑप्शन्समध्ये अपडेट दाबलं की रेषांच्या हद्दी पाहून तो स्वतः रंग भरतो. पार्श्वभूमीचा जो रंग दिलाय त्याला त्याच यादीत पारदर्शक म्हणून खूण करा. समाधान झालं की मास्कवर राइट-क्लिक करून त्याचा साधा पेंट लेयर करून घ्या. नंतर लेयर मेनूतल्या स्प्लिट लेयरने प्रत्येक रंगाचा स्वतंत्र थरही करता येतो.

गिंपही वाईट नाही. २.१० च्या पुढच्या आवृत्त्यांत बकेट फिलला रेषाचित्र ओळखून भरायची सोय आली आहे, फट किती मोठी चालेल तेही ठरवता येतं. पण त्याची घडण फोटो दुरुस्त करण्याची आहे आणि नवशिक्याला ते जाणवतं. फोटोशॉप उत्तम आहे, फक्त वर्गणी भरत राहावी लागते. तुमच्या गरजेला ते लागत नाही.

पिक्सेलवाला

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण त्याआधीच्या पायरीवर कुणी बोललं नाही. स्कॅन खराब असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर हात टेकतं.

घरी स्कॅनर नसेल तर झेरॉक्सच्या दुकानात जा, पण तोंडाने नीट सांगा: ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), कलर किंवा ग्रेस्केल, फाइल पीएनजी किंवा टिफ. न सांगितल्यास दुकानदार सवयीने टेक्स्ट मोडमध्ये पीडीएफ करून देतो. त्यात रेषा फक्त काळी किंवा पांढरी होते, कडा करवतीसारख्या दातेरी येतात आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. फाइल पेनड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सॲपवर घ्यायचीच असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ती दाबून लहान होऊन येते आणि रेषेभोवती ठिपक्यांची धूळ दिसते.

३०० डीपीआयला ए४ पान २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतं, म्हणजे एक भरलेला रंगीत थर मेमरीत साधारण ३५ एमबी. ६०० डीपीआयला तोच थर चौपट, १४० एमबीच्या आसपास. पंधरा-वीस थर आणि अनडूचा इतिहास धरला तर ८ जीबीचा लॅपटॉप तिथे धापा टाकतो. ३०० वर राहा.

फोनने फोटो काढणार असाल तर खिडकीशेजारी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, फोन कागदाला समांतर. अगदी जवळ जाऊन काढलं की चेहरा कडांकडे ताणला जातो, म्हणून थोडं लांबून २x झूमवर काढा. हाताची सावली कागदावर पडली की लेव्हल्समध्ये एक कोपरा काळा आणि दुसरा पांढरा अशी ओढाताण होते.

पेन्सिलीबद्दल: कच्चं रेखाटन फिकट निळ्या पेन्सिलीने करा. खोडत बसू नका, खोडताना लायनर फिका पडतो. स्कॅन रंगीत घ्या आणि क्रितात फिल्टर, ॲडजस्ट, डिसॅच्युरेट इथे मॅक्स हा पर्याय निवडा. फिकट निळ्यात निळ्या चॅनलची (रंगातल्या निळ्या वाट्याची) किंमत जवळपास पूर्ण असते. मॅक्स तीच किंमत उचलतो, त्यामुळे निळी रेघ पांढरी होऊन जाते आणि काळी तशीच राहते. गिंपमध्ये याच कामाला डिसॅच्युरेटमधला व्हॅल्यू पर्याय. हे लेव्हल्सच्या आधी करायचं. साध्या एचबी पेन्सिलीला हा उपाय लागू नाही, तिची करडी रेघ तिन्ही चॅनलमध्ये सारखीच असते.

फक्त फोनवर काम करायचं असेल तर आयबिसपेंट एक्स. फुकट आहे, जाहिराती असतात. चित्र आत घेताना ते रेषाचित्र वेगळं काढू का असं विचारतं. हो म्हटलं की काळा, मधला आणि पांढरा असे तीन सरकपट्टे येतात, काम लेव्हल्सचंच. मेडिबँगही याच वर्गातलं. आयबिसमधून पीएसडी (थर टिकवणारी फोटोशॉपची फाइल) काढून ते क्रितात उघडता येतं, म्हणजे प्रवासात सपाट रंग आणि घरी सावली असंही चालेल.

रंगपेटी

माउसने जमेल का, याचं उत्तर देते. जमेल, आणि या शैलीत तर नक्कीच, कारण ॲनिमेच्या सावलीला कडक काठ असतो. पेनच्या दाबाने हळूहळू गडद करत नेण्याचा इथे प्रश्नच येत नाही. बेझिए कर्व्ह सिलेक्शन (बिंदूंतून वक्र हद्द आखणारं साधन) घ्या, सावलीचा आकार चार-सहा बिंदूंत आखा आणि आत रंग ओता. हातात पेन असूनही थरथरत्या काठापेक्षा हे नीट दिसतं.

जपानी स्टुडिओंमध्ये कागदावर काम होतं तेव्हा सावलीची हद्द चित्रकार स्वतःच रंगीत पेन्सिलीने आखून देतो. चकाकीची हद्द वेगळ्या रंगात असते. कुठला रंग कशाला, हे स्टुडिओप्रमाणे बदलतं. रंगवणारा त्या हद्दीपर्यंत भरतो आणि शेवटी ती रंगीत रेघ भरलेल्या रंगातच मिसळून टाकतो. हीच रीत घरी वापरा. फिकट निळी हद्द कागदावरच आखा, मूळ रंगीत स्कॅनची एक प्रत सर्वांत वर ४० टक्के ओपॅसिटीने (अर्धवट पारदर्शक) ठेवा आणि तिच्यावर बघून सिलेक्शन काढा. काम संपलं की तो थर बंद. सावली कुठे पडेल याचा विचार हातात पेन्सिल असतानाच झालेला बरा, स्क्रीनवर माणूस नाकाखाली आणि हनुवटीखाली उगाच डाग टाकत सुटतो.

सावलीचा रंग काळा मिसळून करू नका. रंग निवडताना एचएसव्हीमध्ये बघा (ह्यू म्हणजे रंगछटा, सॅच्युरेशन म्हणजे रंगाची तीव्रता, व्हॅल्यू म्हणजे उजळपणा): व्हॅल्यू १५ ते २० ने कमी, सॅच्युरेशन १० ते १५ ने जास्त, आणि त्वचेचा ह्यू २५ च्या आसपास असेल तर तो १२-१५ कडे, म्हणजे लालसर बाजूला. पांढऱ्या शर्टाची सावली निळसर जांभळी, करडी नव्हे. हे आकडे सुरुवातीचे, पुढे डोळ्याला पटेल तसे हलवा.

क्रितात सावली रंगाच्या हद्दीत ठेवायला इनहेरिट अल्फा असतं, थरावरचं अल्फाचं चिन्ह. ते खालच्या एकाच थराला धरत नाही, त्या गटातल्या खालच्या सगळ्या थरांना धरतं. खाली पांढरी पार्श्वभूमी असेल तर काहीच कापलं जात नाही आणि सावली बाहेर सांडते. म्हणून केसांचा रंग आणि केसांची सावली एका ग्रुपमध्ये टाका, त्वचेचा वेगळा ग्रुप. नवीन लोक याच ठिकाणी कंटाळून क्रिता सोडतात.

कागदी_विमान

खूप आभार. क्रितात करून बघितलं. लेव्हल्स आणि कलर टू अल्फा झकास झालं, निळी पेन्सिल खरंच गेली. दोन अडचणी आहेत. कलराइझ मास्क अपडेट दाबल्यावर बराच वेळ घेतो. आणि छोटे भाग मी साध्या फिल टूलने भरले, तिथे रेषेला लागून पांढरट कड राहते. केसांच्या टोकांतून रंग बाहेरही येतो.

निब_आणि_शाई

पांढरट कड येते कारण रेषेची कड पूर्ण काळी नसते, बाहेरच्या एक-दोन पिक्सेलमध्ये ती हळूहळू विरते आणि फिल त्या अर्धवट पिक्सेलवरच थांबतं. फिलच्या टूल ऑप्शन्समध्ये ग्रो (भरलेला रंग कडेने वाढवणं) २ पिक्सेल करा, ०.३ च्या लायनरला ३०० डीपीआयवर तेवढं पुरतं. तरीही कड दिसली तर थ्रेशोल्ड थोडा वाढवा. रेफरन्स (कुठले थर बघून भरायचं) सगळे थर असा ठेवा आणि रंग रेषेच्या खालच्या वेगळ्या थरावर पडू द्या. ग्रो ५-६ केलात तर रंग रेषेच्या पलीकडे डोकावेल.

केसांच्या टोकांसाठी: रेषेच्या वर नवा थर घ्या, १ पिक्सेलच्या ब्रशने फटी सांधा, रंग भरून झाला की तो थर लपवा. मूळ रेषेला हात लावायचा नाही, उघडी टोकं हीच केसांची शोभा आहे. बटा, बटणं, डोळ्यांतले तुकडे असे बारीक भाग एकगठ्ठा भरायला ५.१ पासून आलेलं एन्क्लोज अँड फिल वापरा. त्या भागांभोवती सैल वेढा काढला की आतले बंद आकार भरले जातात.

मास्क मंद आहे कारण तो पूर्ण पानाचा हिशोब करतो. पात्राभोवतीचा रिकामा कागद क्रॉप करा. फराटे सगळे मारून झाल्यावरच अपडेट दाबा, दर फराट्याला नको. फट सांधण्याचा सरकपट्टा उगाच वर नेऊ नका, मोठ्या चित्रावर त्यानेही वेळ वाढतो.

पिक्सेलवाला

पुढे कधी पैसे घालावेसे वाटले तर क्लिप स्टुडिओ पेंट प्रो. ब्राइटनेसवरून पारदर्शकता करायची आज्ञा एडिट मेनूतच आहे, स्कॅनवरचे ठिपके काढायला धूळ साफ करायचं फिल्टर आहे, आणि रेषेचा थर संदर्भ म्हणून ठरवला की फिल टूल फटी बंद करत भरतं. विंडोजवर एकरकमी घेता येतं, फोन-टॅबलेटवर वर्गणी लागते. आधी चाचणी आवृत्तीवर तुमचंच एखादं स्कॅन पूर्ण रंगवून बघा. ओपनटून्झ या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरच्या नादी मात्र आत्ता लागू नका. ते फुकट आहे, स्टुडिओ जिबलीने वापरलेल्या टून्झमधून आलेलं आहे, पण त्याची रंगपद्धत शेकडो फ्रेम एका पॅलेटवर बांधण्यासाठी आहे. पात्र हलवायची वेळ आली की तिकडे वळा.

रंगपेटी

एक राहिलं. मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये हात न लावता ठेवा आणि काम क्रिताच्या स्वतःच्या केआरए फाइलमध्ये सेव्ह करा. पीएनजी काढलं की थर एकत्र होतात, मग शर्टाचा रंग बदलायला पुन्हा सगळं सिलेक्ट करत बसावं लागतं. आणि जेपीजी मध्ये-मध्ये सेव्ह करत राहिलात तर सपाट रंगांच्या कडांना डाग धरतात, या शैलीत ते लगेच दिसतात.