मदत हवी आहे: ऑलिंपस म्यू-२ फिल्म कॅमेरा वापरणारे कोणी आहे का?

मंडळी, एक जुना म्यू-२ बघून ठेवलाय. १९९७ चं मॉडेल, ३५ मिमी एफ/२.८ लेन्स, खिशात सहज मावतो. विकणारा ‘एकदम चालू कंडिशन’ म्हणतोय, पण रोल टाकून बघितलेला नाही. किंमत डोळे पांढरे करणारी आहे, म्हणून आधी वापरणाऱ्यांचं ऐकावं म्हटलं.

सरकतं झाकण उघडलं की लेन्स बाहेर येते, फ्लॅशही उडतो. पण रोल पुढे सरकवणारी मोटर आणि फोकस, हे दुकानातच कसं तपासायचं? एखादा खराब रोल घालून बघितला तर पुरेल का?

दुसरं म्हणजे झाकण बंद केलं की फ्लॅश पुन्हा ऑटोवर जातो. दर वेळी बटण दाबत बसायचं, हे रोजच्या वापरात किती डोक्यात जातं? मला घरातल्या उजेडात, फ्लॅशशिवाय फोटो काढायचेत, त्यामुळे हे खरं सांगा.

रिकाम्या डबीत फिल्म स्वतः भरणाऱ्यांसाठी एक प्रश्न: डबीवर डीएक्स कोड (कॅमेऱ्याला फिल्मचा आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, सांगणारे चौकोनी पट्टे) नसेल तर हा आयएसओ १०० धरतो. मग ४०० च्या रोलला कोड कसा चिकटवता?

सीआर१२३ए सेल मिळतो, ती काळजी नाही. मोटर गेली तर पुण्या-मुंबईत उघडून दुरुस्त करणारं कोणी आहे का?