मदत हवी आहे: नसेच्या ऑपरेशननंतर पायाची संवेदना सुधारली का?

मंदार_सांगली: बाबांच्या घोट्याजवळची नस मोकळी करायचं ऑपरेशन झालं. आधी ३२ होतं. परवा दुसरीकडे दाखवलं तर १० पैकी ४ म्हणाले. हे चांगलं की वाईट? डॉक्टर नुसतं "बघू" म्हणतात. जाणकारांनी लवकर सांगा प्लीज.

चकलीताई: ३२ काय? शुगर आहे का? कोणता पाय?

मंदार_सांगली: शुगर आहे हो, म्हणून तर. डावा. आधी मशीन होतं, आता तारेने टोचून बघितलं.

हाडवैरी: फिजिओ आहे. मशीन म्हणजे बायोथेसिओमीटर असणार. ते कंपन मोजतं, व्होल्टमध्ये. आकडा जितका कमी तितकं बरं. २५ च्या वर गेला की जखमेचा धोका जास्त धरतात. ती नायलॉनची तार (मोनोफिलामेंट) टोचत नाहीत, वाकेपर्यंत टेकवतात, तेव्हा १० ग्रॅम दाब पडतो. तो स्पर्श झाला. दोन्हींची तुलना होत नाही. आधीच्याच मशीनवर परत मोजा, उजवा पायही मोजा. आणि ४ जागी कळलं की ४ जागी नाही कळलं?

निवृत्त_पण_व्यस्त: एका तारेने काय कळणार? कुष्ठरोगाच्या कामात आम्ही रंगीत तारांचा संच वापरायचो: हिरवी ०.०५ ग्रॅम, निळी ०.२, जांभळी २, अशा चढत्या. आधी त्याहून जाड लाल कळत होती, आता जांभळीही कळते, ही खरी सुधारणा. १० ग्रॅमवाली नुसतं हो-नाही सांगते.

हाडवैरी: काका, शुगरच्या ओपीडीत तीच एक तार असते.

निवृत्त_पण_व्यस्त: असते म्हणून पुरते असं नाही.

शंकेखोर: मुळात ऑपरेशन केलंच कशाला? शुगरच्या नसांसाठी हे सिद्ध झालेलं नाही असं अमेरिकेच्या न्यूरॉलॉजी अकादमीने २००६ मध्येच म्हटलंय.

चकलीताई: झालंय ते आता. उसवून आणायचं का?

आजीचाबटवा: रोज कडक पाण्यात पाय बुडवा, वर तिळाचं तेल. आमच्या मावशींना गुण आला.

हाडवैरी: अजिबात नको! बधिर पायाला भाजलेलं कळत नाही, फोड आल्यावरच दिसतं. मंदार, ऑपरेशन कधी झालं?

मंदार_सांगली: गणपतीत. झिणझिण्या वाढल्यात, ते सांगायचं राहिलं.

हाडवैरी: अहो, हे आधी सांगायचं! नस सुधारतानाही झिणझिण्या येतात, पण सर्जनना कळवाच. तंतू नव्याने वाढायचे असतील तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर. घोट्यापासून अंगठ्यापर्यंत सहा महिने सहज जातात. दिवाळीत काय निकाल मागताय? तपासताना डोळे मिटले होते ना? तार घट्ट्यावर तर नाही टेकवली?

मंदार_सांगली: बाबांना विचारलं. डोळे उघडेच होते म्हणे. आणि कळलं त्या जागा ४.

निवृत्त_पण_व्यस्त: मग ते ४ सुद्धा धरू नका.

कोपरखळी: अवांतर: एमसीआरची (बधिर पायांसाठीच्या मऊ रबराची) चप्पल सांगलीत कुठे मिळते? सासऱ्यांना हवी आहे, ९ नंबर.